गोष्ट सांगणारा साउंडट्रॅक अल्बम मुलांसोबत कसा ऐकायचा: ‘द स्नोमॅन’ घेऊन सविस्तर

कार्टून फिल्मची गाणी आपण सगळेच पोरांना लावून देतो, गाडीत, जेवताना, कुठेही. पण एक प्रकार असाही असतो की ज्यात गाण्यांबरोबर एक माणूस अख्खी गोष्ट सांगतो, त्याच्या आवाजाखाली फिल्मचंच संगीत चालू असतं, मधेच पात्रं बोलतात, दरवाजे वाजतात, आणि पाऊण तासाच्या आत फिल्म संपते तीसुद्धा स्क्रीनशिवाय. हल्ली हे अल्बम ॲपवर सापडतात, जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्यांकडेही सापडतात, पण लोक लावतात, दोन मिनिटं ऐकतात, ‘अरे हा माणूस किती बोलतोय, गाणं कुठंय’ म्हणतात आणि पुढे ढकलतात. म्हणून हा लेख.

आधी थोडं मागचं सांगते, कारण त्याशिवाय हे असं का बनवलंय ते कळत नाही. डिस्नेची ‘स्नो व्हाइट’ १९३७च्या डिसेंबरात आली आणि लगेच १९३८मध्ये तिची गाणी फिल्ममधल्याच मूळ आवाजात ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या) तबकड्यांवर विकायला आली, फिल्मचा साउंडट्रॅक विकायची सुरुवात तिथून धरतात. मग १९५६मध्ये डिस्नेने स्वतःची रेकॉर्ड कंपनीच काढली, डिस्नेलँड रेकॉर्ड्स, आणि त्यांच्या गोष्टीवाल्या एलपी, म्हणजे जास्त वेळ चालणाऱ्या मोठ्या रेकॉर्डी, धडाधड निघाल्या, आत चित्रांचं पुस्तक शिवलेलं. तेव्हा घरी व्हिडिओ नव्हता हो. फिल्म थिएटरमधून गेली की गेली, डिस्नेवाले साधारण सात-एक वर्षांनी परत लावायचे, म्हणजे चार वर्षांचं पोर अकरा वर्षांचं होणार. मधल्या काळात ती गोष्ट घरात ठेवायची सोय काय, तर ही रेकॉर्ड. त्यामुळे जिथे चित्र पाहिजे तिथे शब्द घालायचे हे काम निवेदकाकडे आलं, आणि चांगल्या निवेदकांनी ते भारी केलं.

आता मी उदाहरणाला घेतेय ‘द स्नोमॅन’. ही ब्रिटिश फिल्म, २६ डिसेंबर १९८२ला चॅनल फोरवर पहिल्यांदा दाखवली, २६ मिनिटांची. रेमंड ब्रिग्ज यांचं १९७८चं पुस्तक, त्यात एकही शब्द नाही, सगळी चित्रंच. डायान जॅक्सन यांनी दिग्दर्शन केलं, संगीत हॉवर्ड ब्लेक यांचं, आणि फिल्ममध्येसुद्धा सुरुवातीचं दोन-चार वाक्यांचं बोलणं सोडलं तर कोणी बोलत नाही, एक गाणं आहे फक्त. मग सीबीएस या रेकॉर्ड कंपनीने एलपी काढली तर त्यात एका बाजूला बर्नार्ड क्रिबिन्स हे नट गोष्ट सांगतात आणि दुसऱ्या बाजूला तेच संगीत निवेदनाशिवाय. म्हणजे पुस्तकात शब्द नाहीत, फिल्ममध्ये शब्द नाहीत, आणि अल्बममध्ये मात्र शब्द! मला हा अल्बम आवडतो तो याचसाठी, निवेदक नेमकं काय करतो ते इथे उघड दिसतं, एकदा त्याच्यासकट ऐका, एकदा त्याला काढून ऐका.

पहिलं काम: बरोबर अल्बम शोधणे

एकाच फिल्मच्या नावाने चार-पाच प्रकारच्या गोष्टी मिळतात आणि लोक इथेच फसतात. एक असतो गाण्यांचा अल्बम. एक असतो नुसत्या पार्श्वसंगीताचा. एक गोष्ट आणि गाणी असलेला, त्याच्या कव्हरवर ‘नॅरेटेड बाय’ किंवा ‘टोल्ड बाय’ किंवा ‘द स्टोरी अँड साँग्स ऑफ’ असलं काहीतरी लिहिलेलं असतं, आपल्याला हा हवाय. आणि एक असतो रीड-अलाँग, तो लहान असतो, पुस्तकाबरोबर वाचत जायचा, त्याच्याबद्दल खाली लिहिलंय.

‘स्नोमॅन’च्या बाबतीत अजून एक भानगड आहे. त्यातलं ‘वॉकिंग इन द एअर’ हे गाणं बहुतेकांना अॅलेड जोन्स या बालगायकाचं वाटतं, कारण १९८५मध्ये त्याचं सिंगल, म्हणजे त्या एका गाण्याची रेकॉर्ड, ब्रिटनमध्ये खपाच्या यादीत पाचव्या नंबरपर्यंत गेली होती. पण फिल्ममध्ये आणि या अल्बममध्ये गायलाय तो पीटर ऑटी, लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या कॉयरमधला, म्हणजे चर्चच्या गायकवृंदातला मुलगा. बिचाऱ्याचं नाव फिल्मच्या श्रेयनामावलीत नव्हतंच, वीस वर्षांनी घातलं. नंतर तो मोठा होऊन ऑपेरा गायक झाला. हे गाणं नंतर कितीजणांनी गायलंय, फिनलंडच्या नाइटविश या मेटल बँडनेसुद्धा, त्यामुळे ॲपवर गाण्याच्या नावाने सर्च केलं तर कुठेही पोचाल. संगीतकाराच्या नावाने करा, म्हणजे हॉवर्ड ब्लेक, आणि निवेदक म्हणून क्रिबिन्सचं नाव दिसतंय का बघा. या संगीताचे निवेदनासकट जाहीर कार्यक्रमही होतात, म्हणून वेगळ्या निवेदकाचं रेकॉर्डिंगही समोर येऊ शकतं. ते वाईट असेल असं नाही, पण आपण काय ऐकतोय ते माहीत असावं. मुलाला बसवायच्या आधी स्वतः पहिली दोन मिनिटं ऐका, माणसाचा आवाज आला तर ती निवेदनाची बाजू, नाही आला तर दुसरी. एवढं केलं तरी निम्मं काम झालं.

रेकॉर्ड घेणार असाल तर

लहान मुलांच्या रेकॉर्डी लहान मुलांनीच वापरलेल्या असतात हे लक्षात ठेवा! मोठ्यांची शास्त्रीय संगीताची एलपी पन्नास वर्षांनी चकाचक मिळेल, मुलांची मिळणार नाही, जॅमचे बोटांचे ठसेसुद्धा मिळतील. दुकानात उजेडाखाली तिरकी धरून बघा, केसासारख्या बारीक रेषा चालतात, नखाला लागणारा ओरखडा चालत नाही, तिथे सुई उडी मारणार आणि निवेदक तेच वाक्य परत परत म्हणत बसणार. गाण्यात एखादा खटका मेंदू सोडून देतो, पण बोलण्यात खटका आला की शब्दच जातो, म्हणून गोष्टीच्या रेकॉर्डला जास्त कडक निकष लावा.

दुसरं, एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटांच्या वर मजकूर भरला की खाचा एकमेकींजवळ आणाव्या लागतात आणि आवाज हळू कोरावा लागतो. गोष्टीवाल्या एलपीत असं बऱ्याचदा होतं, कारण गोष्ट मधे तोडायची नसते. हळू कोरलं म्हणजे आपण व्हॉल्यूम वाढवणार, आणि व्हॉल्यूम वाढवला की धुळीची करकरही वाढणार. म्हणून पुसणं आलंच. कार्बन फायबरचा ब्रश मिळतो तो फिरत्या रेकॉर्डवर हलकेच धरायचा, तबकडी नेहमी कडेने पकडायची. आणि घरात आजोबांच्या ७८च्या असतील तर त्यांना अल्कोहोलवालं क्लीनर अजिबात लावू नका, त्या लाखेच्या असतात, अल्कोहोलने लाख विरघळते.

पुस्तक आतमध्ये असेल तर पानं मोजा, पिना बघा. पुस्तक नसेल तर किंमत पाडून मागा.

ॲपवर ऐकणार असाल तर

इथे सेटिंगचा घोळ असतो. शफल बंद, हे तर सांगायलाच नको, तरी सांगते, कारण मुलांच्या प्लेलिस्टवर शफल कायम चालू असतं आणि मग बर्फ वितळतो आधी आणि पडतो नंतर. क्रॉसफेड बंद करा, नाहीतर निवेदकाच्या शेवटच्या वाक्यावर पुढचा ट्रॅक चढतो. गॅपलेस चालू ठेवा, म्हणजे दोन ट्रॅकच्या मधे खंड पडत नाही. ऑटोप्ले बंद, हे सगळ्यात महत्त्वाचं, गोष्ट संपल्यावर लगेच कुठलंतरी ढिंच्याक बालगीत आलं तर सगळं पाण्यात. आणि आवाज आपोआप सारखा करणारं सेटिंग असतं तेही बंद करा, कारण या संगीतात हळू ते हळूच असायला पाहिजे.

फोनच्या स्पीकरवर नको. साधा ब्लूटूथ स्पीकर चालेल, पण काही स्पीकर शांतता आली की स्वतःहून झोपतात, ते आधी तपासा. स्पीकर खोलीच्या कोपऱ्यात मुलाच्या डोक्याच्या उंचीला ठेवा आणि फोन दुसऱ्या खोलीत. हेडफोन शक्यतो नकोतच, एकत्र ऐकायची गोष्ट आहे ही. पण प्रवासात वगैरे लावले तर आवाजावर लक्ष ठेवा, जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी आठवड्याला ४० तास ऐकायचं असेल तर ७५ डेसिबलची मर्यादा सांगितलीय, मोठ्यांना ८०. आपल्याला डेसिबल मोजता येत नाही घरी, तर सोपं म्हणजे हातभर अंतरावर बसलेल्या माणसाचं साधं बोलणं मुलाला हेडफोन घालून ऐकू आलं पाहिजे.

फिल्म आधी की अल्बम आधी

यावर लोकांची मतं वेगळी असतील, माझं म्हणणं पक्कं आहे, अल्बम आधी. एकदा फिल्म बघितली की मूल अल्बम ऐकताना आठवत बसतं, रचत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच मुलांनी बर्फ पडताना बघितलेला नसतो, मुंबई-पुण्यातल्या मुलाला बर्फ म्हणजे फ्रीजरमधला नाहीतर गोळ्याचा. त्याच्या डोक्यात जो बर्फाचा माणूस उभा राहील तो ब्रिग्जच्या चित्रासारखा नसेलच, आणि नसू दे की. फिल्म नंतर बघायचीच आहे, रंगीत पेन्सिलीने रंगवल्यासारखी ती मऊ चित्रं बघण्यासारखीच आहेत, पण ती दोन दिवसांनी.

आता भाषेचा प्रश्न. क्रिबिन्सचं इंग्रजी ब्रिटिश, पण अवघड नाही, तो मुलांना गोष्टी सांगण्यात मुरलेला माणूस, बीबीसीच्या ‘जॅकनोरी’ या गोष्टींच्या कार्यक्रमात शंभराहून जास्त वेळा आलेला, ‘द वॉम्बल्स’ या मुलांच्या टीव्ही मालिकेतले सगळे आवाज त्याचेच. घाई करत नाही. तरी मराठी माध्यमाच्या मुलाला सगळं कळणार नाही, तर ऐकायच्या आधी मराठीत गोष्टीचा सांगाडा सांगून टाका, चार-पाच वाक्यांत: एका मुलाने बर्फाचा माणूस केला, रात्री तो जिवंत झाला, दोघं घरभर हिंडले, मग उडत उडत लांब गेले आणि परत आले. शेवट सांगू नका. आणि एकदा अल्बम सुरू झाला की मधे भाषांतर करायचं नाही, जीभ चावून बसा हवं तर. आपण मधे बोललो की मूल आपल्याकडे बघतं, आणि ऐकणं तिथेच संपतं.

पहिल्यांदा ऐकताना

काही करायचं नाही. खरंच. मूल मांडी घालून हाताची घडी घालून बसेल ही अपेक्षा सोडा, त्याला ठोकळे द्या, खडू द्या, लोळू द्या. हात गुंतलेले असले की कान मोकळे होतात. आपण मात्र तिथेच बसायचं, भाजी निवडा हवं तर, पण फोन बघायचा नाही, कारण तुम्ही फोन काढलात की त्याला कळतं की हे ‘मुलांना गुंतवायचं’ काहीतरी आहे.

दोन-तीन ठिकाणी तुम्ही स्वतः कान टवकारा. एक म्हणजे आईबाबांच्या खोलीचा प्रसंग. दोघं झोपलेत, बर्फाचा माणूस बाबांची पँट, पट्टे घालून बघतो, ग्लासातल्या कवळीशी खेळतो, आणि सगळं आवाज न करता. चित्रात हे दिसतं म्हणून हसू येतं, ऐकताना मात्र कवळी कोणीतरी सांगितल्याशिवाय कळणारच नाही, संगीत कितीही मिश्कील असलं तरी. इथे निवेदक लागतोच. तसंच पुढे मोटारसायकलवरून रानात फिरून आल्यावर इंजिनाच्या उष्णतेने बर्फाच्या माणसाच्या मांड्या तापतात आणि तो थंड व्हायला डीप फ्रीजरमध्ये जाऊन पडतो. लहान मुलांना हा प्रसंग फार आवडतो, आणि हाच शेवटाची पहिली हिंट आहे हेही पुढे कळतं.

मग येतं उड्डाण. ते निघतात, इंग्लंडच्या समुद्रकाठच्या ब्रायटन शहरावरून, समुद्रावरून, बोटीवरून, देवमाशावरून, उत्तर ध्रुवाकडच्या आकाशात दिसणाऱ्या रंगीत प्रकाशाकडे, आणि इथे निवेदक बाजूला होतो, गाणं सुरू होतं. माझी भाची पहिल्यांदा इथे खडू खाली ठेवून म्हणाली, “मावशी, ते काका गेले का?” मी म्हटलं गेले नाहीत, ऐकतायत. “कोण गातंय मग?” मी काही बोलले नाही. सहा वर्षांच्या पोरीला बोलणारा आवाज थांबल्याचं जाणवलं. इतका वेळ मोठ्या माणसाचा आवाज असतो, आणि जमीन सुटल्याबरोबर मुलाचा आवाज येतो, ही जागा फिल्ममध्ये नाहीये बरं का, तिथे आधी कोणी बोलतच नसतं. ती फक्त अल्बममध्ये आहे.

दुसऱ्यांदा: निवेदनाशिवायची बाजू

हे दुसऱ्या दिवशी करा, त्याच दिवशी नको. आता नुसतं संगीत, आणि गोष्ट मुलाने सांगायची, मराठीत. ‘तू सांग आज’ एवढंच म्हणायचं. सुरुवातीला मूल भराभर सगळी गोष्ट सांगून मोकळं होतं आणि संगीत मागेच राहतं, हमखास होतं हे. मग सांगायचं की संगीत जिथे पोचलंय तिथेच आपण, पुढे पळायचं नाही. ते हळू चाललंय का, मग बर्फाचा माणूसही हळू चाललाय. संगीत थांबलं, का थांबलं? कोणीतरी उठलं असेल? म्युझिक बॉक्सची छोटी चाल आली की मुलं बहुतेक वेळा लगेच ओळखतात आणि उठून नाचतात, तेव्हा गोष्ट थांबली तरी चालेल.

थोड्या मोठ्या मुलांना, आठ-नऊच्या पुढच्या, एक शोधायला द्या: उडतानाचं जे गाणं आहे त्याची चाल अल्बममध्ये सगळ्यात आधी कुठे येते? ती अगदी सुरुवातीला येते, पियानोवर, बर्फाचा माणूस बनायच्याही आधी. परदेशी संगीतात असं करतात, चाल आधी पेरून ठेवतात आणि वेळ आली की शब्दांसकट काढतात. एकदा हे कळलं की मुलं पुढच्या प्रत्येक फिल्ममध्ये हेच शोधत बसतात, मग तुम्हाला त्रास आहे, माझ्यावर चिडू नका.

लंडन, न्यू जर्सी, दुबई कुठेही असलेल्या मराठी घरांना तर हा प्रकार मी आवर्जून सांगते. तिथे मुलांना मराठी कळतं पण ती उत्तर इंग्रजीत देतात, ही सगळ्यांची तक्रार. ‘मराठीत बोल’ म्हटलं की तोंड मिटतं. पण इथे त्याला गोष्ट माहितीय, संगीत वेळ देतंय, मधे थांबलं तरी ओशाळं वाटत नाही कारण मागे वाद्यं वाजतायत, आणि आजी व्हिडिओ कॉलवर ऐकतेय. शब्द अडला तर आजीने फक्त तेवढा शब्द द्यायचा, ‘वितळला’, ‘उंबरठा’, ‘कवळी’, वाक्य पुरं करून द्यायचं नाही. कवळीसाठी आजी हवीच, खरी दाखवताही येते.

शेवटाचं काय करायचं

सकाळी मुलगा धावत बाहेर येतो तर बर्फाचा माणूस वितळलेला, टोपी आणि मफलर पडलेला, आणि मुलाच्या खिशात रात्रीच्या सफरीत फादर ख्रिसमसने, म्हणजे सांताक्लॉजने, दिलेला स्कार्फ. एवढंच. कोणी परत येत नाही. मुलं रडतात, काही मुलं चिडतात, काही दोन मिनिटांनी जेवायला मागतात. ‘पुढच्या वर्षी परत येईल हं’ असं लगेच म्हणू नका, गोष्टीत तसं काही नाहीये. मूल रडलं तर जवळ घ्या, आवाज बंद करायची घाई नको, संगीत पूर्ण संपू द्या. त्याने विचारलं तरच बोला. ‘स्कार्फ कुठून आला मग?’ हा प्रश्न बहुतेकदा येतो, त्याचं उत्तर त्यालाच विचारा. झोपायच्या आधी मात्र पहिल्यांदा हा अल्बम लावू नका, संध्याकाळी लावा, म्हणजे नंतर जेवण, खेळ काहीतरी होतं. घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर थोडे महिने थांबा, असं माझं स्पष्ट मत आहे.

यानंतर काय ऐकायचं

पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर रीड-अलाँग बरा पडतो. डिस्नेने हे १९६५पासून काढले, छोटी रेकॉर्ड, २४ पानांचं पुस्तक, आणि पान उलटायची वेळ झाली की किणकिण घंटी वाजते. पण ही आयडिया त्याआधीची, कॅपिटल कंपनीने १९४६मध्ये बोझो या विदूषकाच्या रेकॉर्डमध्ये पान उलटायचा इशारा ठेवला होता. ‘द लायन किंग’च्या रीड-अलाँगला तर १९९५चं ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतलं रेकॉर्डिंगचं मोठं पारितोषिक, मिळालंय, रॉबर्ट गियोम या नटाच्या निवेदनासाठी, फिल्ममध्ये रफीकीचा आवाज त्याचाच. पुस्तक मुलाच्या हातात द्या, पान त्यालाच उलटू द्या, चुकलं तर चुकू दे.

हसवणारं हवं असेल तर ‘विनी द पू अँड टिगर टू’चा अल्बम, सेबॅस्टियन कॅबट निवेदक, यालाही ग्रॅमी आहे. आणि आवाजाची कमाल ऐकायची असेल तर ‘हाउ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस’, १९६६च्या टीव्ही फिल्मचा. निवेदक बोरिस कार्लोफ, भुताच्या सिनेमांमधला तो प्रसिद्ध नट. त्यातलं ग्रिंच या खडूस पात्राला शिव्या घालणारं गाणं थर्ल रेव्हन्सक्रॉफ्टने गायलंय, पण फिल्ममध्ये त्याचं नाव द्यायचं राहिलं म्हणून लोकांना कित्येक वर्षं वाटत होतं की कार्लोफच गातोय. मोठ्या मुलांना आधी न सांगता ऐकवा आणि विचारा, माणूस एक की दोन. बहुतेकजण चुकतात.

आणि मुलाचं मराठी निवेदन रेकॉर्ड करणार असाल तर दोन यंत्रं लागतात, एकावर संगीत, दुसऱ्यावर रेकॉर्डिंग. रेकॉर्ड करणारा फोन विमान मोडवर टाकून मुलापासून हातभर अंतरावर ठेवायचा आणि स्पीकर त्याच्या मागे लांब, नाहीतर वाद्यंच ऐकू येतात. पंखा बंद, मिक्सर बंद, कुकर लावलेला नको. फाइल घरच्यांना पाठवा, यूट्यूबवर टाकू नका, संगीताचे हक्क दुसऱ्याचे आहेत.